नशा थांबते, त्रास मागे राहतो : निर्णा ते गोमंतक

कर्नाटकातील बीदर जिल्ह्याच्या चिटगुप्पा तालुक्यात निर्णा नावाचे गाव आहे. बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या या सीमापट्ट्यात कन्नड, मराठी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू अशा चार भाषा एकाच बाजारात कानी पडतात. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. पूर्वेला तेलंगणाची हद्द जवळ, पश्चिमेला महाराष्ट्राचे लातूर आणि धाराशिव जिल्हे. तूर आणि ज्वारी पिकविणारा हा कोरडवाहू प्रदेश. हंगाम उरकला की हाताला काम मिळेल तिकडे जाण्याची येथील रीत जुनी आहे. गोव्यातील बांधकामांवरही उत्तर कर्नाटकातील मजूर मोठ्या संख्येने दिसतात.

समजा, या सीमापट्ट्यातील एक गवंडी पर्वरीच्या एखाद्या इमारतीवर कामाला आला. गावी रोज संध्याकाळी तो शिंदी पीत असे. गोव्यात आल्यावर ती मिळाली नाही. पहिल्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी हात असे थरथरू लागले की थापी धरवेना. तिसऱ्या दिवशी तो घामाने निथळला, भिंतीवर किडे चालताना दिसतात म्हणू लागला, नातलगांची ओळख विसरला आणि शेवटी त्याला आकडी आली. मुकादमाला वाटले वेड लागले. खोलीतल्या सोबत्यांना वाटले बाहेरची बाधा झाली. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूला रोज मिळणारे एक औषध अचानक तुटलेले असते, आणि ते औषध आपण पीत होतो हे त्या माणसालाही ठाऊक नसते.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यामागील कारणपरंपरा वैद्यकशास्त्राला चांगली परिचित आहे. व्यसनाविषयीची बहुतेक चर्चा ‘ते सोडा’ या सल्ल्यापाशी संपते. सोडल्यानंतर काय होते, शरीर आणि मन पूर्वपदावर यायला किती काळ लागतो, कोणता त्रास आपोआप ओसरतो आणि कोणत्या त्रासाला तातडीने उपचार हवेत, याविषयी मात्र सामान्य कुटुंबाला फारसे कोणी सांगत नाही. त्यामुळेच कित्येक जण सोडलेल्या नशेकडे परत वळतात, तर काही जण टाळता येण्याजोग्या संकटात सापडतात.

शिंदीत मिसळलेले औषध

गोमंतकीय वाचकाला माडाचा ‘सूर’ परिचित आहे. दख्खनच्या या कोरडवाहू पट्ट्यात माड फारसा नाही. तेथे ताडापासून ताडी आणि शिंदीच्या झाडापासून शिंदी काढतात. ताजी असताना ती गोडसर आणि सौम्य असते. तासागणिक आंबत जाते आणि तिच्यात अल्कोहोल तयार होते. झाडे कमी आणि मागणी जास्त असली की भेसळ सुरू होते. पाण्यात साखर वा सॅकरिन, फेसासाठी काही द्रव्ये आणि नशेसाठी झोपेची औषधे मिसळून ‘शिंदी’ तयार केली जाते. यात प्रामुख्याने तीन औषधे आढळत आली आहेत : क्लोरल हायड्रेट, डायझेपाम आणि अल्प्राझोलाम. रायचूरपासून तेलंगणापर्यंतच्या पट्ट्यात क्लोरल हायड्रेट तर ‘सीएच पावडर’ या नावानेच ओळखले जाते.

क्लोरल हायड्रेट हे मुळात झोपेचे जुने औषध. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८३२ मध्ये तयार केले आणि १८६९ पासून ते झोपेसाठी दिले जाऊ लागले. सुरक्षित मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर थोडे असल्याने पुढे ते मागे पडले. डायझेपाम आणि अल्प्राझोलाम ही आजही चिंताविकारावर दिली जाणारी औषधे आहेत. मात्र ती डॉक्टरांच्या चिठ्ठीने, मोजक्या मात्रेत आणि मर्यादित काळासाठी. शिंदीच्या बाटलीत ती किती पडली आहेत हे विकणाऱ्यालाही नेमके माहीत नसते.

याचे परिणाम तेलंगणाने वारंवार पाहिले आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये तेथील शासनाने भेसळीच्या ताडीविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा निजामाबाद, मेदक, महबूबनगर या जिल्ह्यांत शेकडो लोक थरथर, आकडी, भ्रम आणि विचित्र वर्तन अशा लक्षणांनी रुग्णालयांत दाखल झाले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दुकाने एकाएकी बंद झाली आणि हैदराबादच्या एर्रगड्डा येथील मानसिक आरोग्य रुग्णालयात अशाच रुग्णांची रीघ लागली. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्याच कुकटपल्ली भागात भेसळीची ताडी प्यायल्याने अनेकांची मूत्रपिंडे बाधित झाली आणि काहींनी प्राण गमावले. पहिल्या दोन प्रसंगांत माणसे आजारी पडली ती पिणे अचानक तुटल्यामुळे, तर तिसऱ्यात पिण्यामुळेच. एकाच पदार्थाची ही दोन्ही रूपे ध्यानात ठेवायला हवीत.

अचानक तुटले की काय होते?

मेंदूत उत्तेजन देणारी आणि आवर घालणारी अशी दोन प्रकारची रसायने सतत काम करीत असतात. ‘गाबा’ हे आवर घालणाऱ्यांपैकी मुख्य. अल्कोहोल, डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोरल हायड्रेट हे सारे या गाबाचा जोर वाढवितात; म्हणून गुंगी येते, भीती मावळते. रोज बाहेरून हा आधार मिळू लागला की मेंदू आपला स्वतःचा आवर सैल करतो आणि उत्तेजनाची बाजू वाढवून तोल सांभाळतो. एके दिवशी आधार काढून घेतला की वाढलेले उत्तेजन तेवढे उरते. निद्रानाश, घाम, छातीत धडधड, थरकाप, भास आणि आकडी ही त्याचीच रूपे होत. लवकर उतरणाऱ्या औषधांत हा त्रास एक-दोन दिवसांत, तर डायझेपामसारख्या रेंगाळणाऱ्या औषधांत काही दिवसांनी सुरू होतो.

यावरून पहिला व्यावहारिक नियम निघतो. रोजची दारू, भेसळीची शिंदी किंवा झोपेच्या गोळ्या घरच्या घरी एकदम तोडू नयेत. डॉक्टर सहसा दीर्घकाळ टिकणारे औषध देऊन त्याची मात्रा क्रमाक्रमाने उतरवितात. गोळ्यांची सवय वर्षानुवर्षांची असेल तर या उतरणीला काही महिनेही लागतात. दारू दीर्घकाळ घेणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, कमी झालेले असते. चाल लडखडणे, डोळ्यांची बुबुळे विचित्र हलणे आणि गोंधळलेपण ही त्या कमतरतेची गंभीर चिन्हे असून वेळीच इंजेक्शनने थायमिन मिळाले नाही तर स्मृतीचे कायमचे नुकसान होऊ शकते. आकडी, ताप, भ्रम किंवा बेशुद्धी दिसली तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक गोव्यात आणि कर्नाटकात एकच आहे.

ही समस्या थोड्यांची नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १.१८ कोटी भारतीय शामक औषधांचा वैद्यकीय कारणाविना वापर करीत होते. भांग, गांजा आणि चरस यांचा वापर करणाऱ्यांची संख्या सुमारे ३.१ कोटी होती.

किनाऱ्यावरील नशा आणि तिच्या खुणा

पठारावरची नशा वेगळी आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील पार्ट्यांमधली वेगळी. पण मागे राहणाऱ्या त्रासाचे स्वरूप समजून घेण्याची गरज दोन्हीकडे सारखीच आहे.

गांजा निरुपद्रवी असतो, असा समज तरुणांत दृढ आहे. नियमित ओढणाऱ्याने तो थांबविल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, भूकमोड, अस्वस्थता आणि झोपमोड सुरू होते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वाधिक असतो व दोन-तीन आठवड्यांत बराच ओसरतो. झोप आणि ठसठशीत, भयप्रद स्वप्ने यांना मात्र अधिक काळ लागू शकतो. लक्ष आणि स्मरण काही आठवड्यांत सुधारू लागते. ज्याला हे आधी सांगितलेले असते तो दहाव्या रात्री घाबरून पुन्हा चिलीम धरीत नाही.

गांजाचा आणखी एक परिणाम वर्षानुवर्षे ओळखलाच जात नाही. दीर्घकाळ रोज ओढणाऱ्या काहींना पोटदुखीसह वारंवार, अनावर ओकाऱ्या होतात आणि गरम पाण्याने आंघोळ केली की तेवढ्यापुरते बरे वाटते. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले. असे रुग्ण पित्ताच्या गोळ्या घेत आणि तपासण्या करून घेत फिरतात, कारण गांजाचा विषय ते डॉक्टरांपुढे काढीतच नाहीत. गांजा पूर्ण सोडणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे.

एलएसडीसारख्या भास निर्माण करणाऱ्या द्रव्यांनंतर काहींच्या दृष्टीत बदल राहून जातो. हलत्या वस्तूमागे रेघ दिसणे, दिव्याभोवती वलय, रिकाम्या भिंतीवर टीव्हीच्या पडद्यासारखी मुंगमुंग, अशी त्याची लक्षणे असतात. यात माणसाला आपण पाहतो ते खरे नाही याचे भान असते. वेडाच्या झटक्याहून हा त्रास येथेच वेगळा ठरतो. पुष्कळांमध्ये तो हळूहळू फिका पडतो. गांजा आणि जागरण यांमुळे मात्र तो उसळतो. अर्धशिशी, अपस्मार किंवा डोळ्यांचा विकार नाही याची खात्री करून घेणे एवढे पहिले काम.

केटामाइनचा घाव वेगळ्याच जागी बसतो. २००७ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी नियमित केटामाइन घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला झालेल्या इजेची नोंद केली आणि नंतर ती अनेक देशांत आढळली. वारंवार लघवीला जावे लागणे, वेदना, लघवीतून रक्त ही लक्षणे असतात. लवकर थांबविल्यास पुष्कळ सुधारणा होते. उशीर झाला तर मूत्राशय आकसते आणि इजा मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकते. एमडीएमए घेतल्यानंतरचे काही दिवस मन खिन्न राहते, तर दीर्घ व वारंवार वापरानंतर स्मरणशक्ती आणि झोप यांवर परिणाम दिसतो. मेथाम्फेटामाइनसारख्या उत्तेजकांनंतर उत्साह आणि आनंद यांची जाणीवच बोथट होते. वर्षभराहून अधिक काळ दूर राहिलेल्यांच्या मेंदूत ही झीज काही अंशी भरून आल्याचे अभ्यासांत दिसले आहे. ‘काहीच चांगले वाटत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाला आळशी ठरविण्यापूर्वी घरच्यांनी हे जाणून घ्यावे.

भास थांबले नाहीत तर

सर्वाधिक काळजीची बाब म्हणजे मागे राहणारी मनोविकृती. आपल्यावर कोणी पाळत ठेवते, आपल्याविषयी बोलते, कानात आवाज येतात, अशा तक्रारी नशेच्या भरात उद्भवतात आणि पुष्कळदा काही दिवसांत विरतात. नशा पूर्ण थांबवूनही त्या महिनाभर टिकल्या तर तो स्वतंत्र मानसिक आजार असण्याची शक्यता बळावते. गांजामुळे मनोविकृतीचा झटका आलेल्यांपैकी काहींना पुढे स्किझोफ्रेनिया झाल्याचे दीर्घकालीन अभ्यासांतून दिसून आले आहे. लहान वयात सुरुवात, तीव्र प्रतीचा गांजा आणि घराण्यात अशा आजाराचा पूर्वेतिहास यांनी धोका वाढतो. उपचार जितके लवकर सुरू होतील तितके शिक्षण, नोकरी आणि नाती सावरण्याची आशा जास्त.

याच टप्प्यावर सर्वाधिक वेळ वाया जातो. दख्खनमध्ये देवऋषी, गोव्यात घाडी, कुठे दर्ग्यावरची हजेरी असे मार्ग आधी चोखाळले जातात. श्रद्धेचा आधार कोणी घेऊ नये असे नाही. संकटात माणसाला तो लागतो. मात्र नवस आणि औषध एकाच दिवशी सुरू होऊ शकतात. भास होणाऱ्या माणसाला बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे किंवा त्याला मारहाण करणे हा कोणत्याही श्रद्धेचा भाग ठरू शकत नाही.

सावरण्याची वाट

सावरण्याच्या काळातील दिनक्रम साधा असतो. तो टिकविणे मात्र कठीण. झोपेच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ ठरलेली असावी; रात्री झोप आली नाही तरी सकाळी त्याच वेळी उठावे. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. झोपेसाठी दारू किंवा शेजाऱ्याने दिलेली गोळी घेणे म्हणजे एक दार बंद करून दुसरे उघडणे होय. रोज घाम येईल इतके चालणे किंवा कष्टाचे काम, वेळेवर जेवण आणि पुरेसे पाणी यांचा मनावरचा परिणाम थोडा थोडा करून जाणवतो. ओढ अनावर होते ती सहसा काही मिनिटांपुरती. त्या वेळी जागा बदलणे, कोणाला तरी फोन करणे, पाणी पिणे हे उपाय बालिश वाटले तरी उपयोगी पडतात.

तपासण्याही विसरू नयेत. यकृत आणि मूत्रपिंड यांच्या चाचण्या सर्वांनीच कराव्यात. कधीही सुई वापरली असेल तर एचआयव्ही, हेपटायटिस ब आणि क या चाचण्या आवश्यक. हेपटायटिस क हा आजार वर्षानुवर्षे लक्षणांविना यकृत पोखरतो. आज मात्र साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतांश रुग्णांत पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हे उपचार विनामूल्य मिळतात.

ब्राउन शुगर किंवा अन्य अफूजन्य पदार्थ सोडलेल्यांनी एक धोका विशेष ध्यानात ठेवावा. काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. अशा वेळी मोह होऊन पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू ओढवू शकतो. रुग्णालयातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे पहिले दिवस म्हणूनच जोखमीचे. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनचे नियमित उपचार हा धोका पुष्कळ कमी करतात. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असा त्यांवर होणारा आक्षेप अज्ञानातून येतो.

डॉक्टरांपुढे खरे बोलताना

पोलिसांच्या भीतीने रुग्ण खरी हकीगत लपवितो, आणि हकीगत लपली की निदान चुकते. कायद्याची बाजू येथे जाणून घेणे उपयोगाचे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने सरकारी अथवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतले तर तिला त्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार पूर्ण न केल्यास ते काढूनही घेतले जाते. विक्रेत्याला ही सवलत नाही. आजारी माणूस आणि व्यापारी यांत कायद्यानेच भेद केलेला आहे.

मदत कोठे मिळेल, हा प्रश्न अंतराचाही आहे. गोव्यात बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था, म्हणजे आयपीएचबी, आणि शेजारचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय बहुतेकांच्या तासा-दोन तासांच्या टप्प्यात येतात. निर्णा परिसरातील माणसाला बीदर किंवा कलबुर्गी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे लागते आणि त्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडते. कर्नाटकाने ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ उपलब्ध करण्याची योजना आखली ती याच अडचणीसाठी. मानसिक आरोग्यसेवा जिल्ह्याच्या पातळीवर नेण्याचा देशव्यापी आराखडाही १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सने केलेल्या प्रयोगातून घडला. फोनवरून मदत हवी असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे राष्ट्रीय क्रमांक विनामूल्य आहेत.

मराठी मुलखाला या कामाची परंपरा आहे. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ नावाने ब्राउन शुगर पसरली, तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले आणि डॉ. अनिता अवचट यांच्यासह २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक बळ दिले. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मानावे आणि त्याच्यासोबत त्याच्या कुटुंबालाही धीर द्यावा, ही तेथील कामाची बैठक राहिली आहे.

पर्वरीच्या त्या कल्पित गवंड्याकडे परत येऊ. मुकादमाने त्याला गावच्या गाडीत बसवून दिले तर वाटेत पुन्हा आकडी येऊन तो दगावू शकतो. त्याच मुकादमाने १०८ ला फोन करून ‘हा रोज शिंदी पीत होता, तीन दिवस मिळालेली नाही’ एवढे एकच वाक्य डॉक्टरांना सांगितले तर निदानाला दिशा मिळते, योग्य औषध सुरू होते आणि पुष्कळदा आठवडाभरात माणूस शुद्धीवर, पायांवर उभा राहतो. पुढचे महिने झोपेचे, मनाचे आणि ओढीचे असतात, आणि त्यांतही त्याला सोबत लागेल. कामगारांना ठेकेदार काम देतो, खोली देतो; आजारपणात त्यांची भाषा जाणणारा एक माणूस रुग्णालयात सोबत पाठविणे हीसुद्धा त्या व्यवहारातली जबाबदारी मानली गेली, तर असे अनेक जीव वाचतील.